पास झाली म्हणून नापास

त्याला सगळे फौजदार म्हणत. पोलिसांशी त्याचा संबंध आयुष्यात एकदाच आला होता, सायकल चोरीला गेली तेव्हा, आणि त्या दिवशीही तक्रार कशी लिहून घ्यावी याचा धडा यानेच शिपायाला दिला होता. सायकल अर्थातच मिळाली नाही. नाव पडलं ते कामावरून. तो एका फ्रेमवर्कची राखण करायचा. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. दुकानाची असो, दवाखान्याची असो की शाळेची, साइट उभी करणारे दरवेळी पायापासून सुरुवात करत नाहीत. असा एखादा सांगाडा घेतात आणि त्यावर आपलं लिंपण करतात. हा सांगाडा फुकट होता, पुष्कळ लोक तो वापरायचे, आणि त्यात कोणी दूरवरून एखादी सुधारणा पाठवली की ती आधी फौजदारापुढे उभी राहायची. मग उलटतपासणी सुरू. हे का बदललं? कोणाला विचारून? आधी होतं त्याला काय धाड भरली होती? बिचारा चांगल्या मनाने चूक दाखवायला यायचा आणि चूक आपणच केल्यासारखा परत जायचा. नाव कोणी ठेवलं ते कळलं नाही, पण ते ऐकून हा खूश झाला. दुसरा कोणी असता तर जरा विचारात पडला असता.

ऑफिस म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खालून दिवसभर वाफेचा आणि गरम कापडाचा वास यायचा. पहिल्या खोलीत मालक बसायचे. हा सांगाडा वापरणाऱ्या कंपन्यांना सल्ला विकून ते सगळ्यांचे पगार भागवायचे, आणि सल्ला विकत असल्यामुळे स्वतःला कशातलंही काही कळण्याची गरज त्यांना वाटत नसे. दुसऱ्या खोलीत एक बाई होती. सांगाड्याची प्रत्येक नवी आवृत्ती तपासून, बांधून, वेळेवर बाहेर काढणं तिच्याकडे होतं, म्हणून तिला कारभारीण म्हणत. तिसरी खोली फौजदाराची. तिच्यात एक टेबल, संगणकाचे दोन पडदे, एक कपाट आणि कपाटामागे मागे रेलणारी एक खुर्ची होती. दुपारच्या जेवणानंतर तो त्या खुर्चीत विचार करायचा. विचारांचा आवाज पहिल्या खोलीपर्यंत ऐकू यायचा.

आता या माणसाची कीर्ती कशावर उभी होती ते सांगायला हवं. ती उभी होती एका तिरक्या रेघेवर.

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी कधी कधी एक तिरकी रेघ असते. हा सांगाडा ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला होता, ती भाषा पत्ता वाचताना ती शेवटची रेघ गिळून टाकायची. रेघ गेली की पत्ता चुकायचा आणि लोकांना पानाऐवजी ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसायचं. पूर्वी सगळे साइट बांधणाऱ्यांना शिव्या देत. दोष त्यांचा नाही, भाषेचा आहे, हे पहिल्यांदा फौजदाराने शोधून काढलं. शोध खरा होता. हे श्रेय त्याला इथेच देऊन टाकू, कारण पुढे द्यायला फारसं काही उरणार नाही.

दोष सापडल्यावर शहाणा माणूस भाषा सांभाळणाऱ्यांना दोन ओळी लिहून कळवतो. फौजदाराने त्यांना पानंच्या पानं लिहिली. पहिल्यांदा त्यांच्या अकलेचा पंचनामा, मग त्यांच्या आधीच्या पिढीच्या अकलेचा, मग या धंद्यात पूर्वी कशी माणसं होती याची आठवण. रेघेचा विषय अगदी शेवटी कुठेतरी निघाला. तिकडून नम्र उत्तर आलं: अडचण नेमकी काय आहे ते कृपया थोडक्यात सांगावं. फौजदार आणि थोडक्यात! त्याने तो अपमान मानला आणि उत्तरच दिलं नाही. तिकडच्यांनी काही दिवस वाट पाहून विषय बंद केला.

तरी जीव तिथेच अडकला होता. त्या भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी निघायची, आणि ज्यांनी ज्यांनी तिच्यात काही दुरुस्त केलं त्यांची नावं तिच्यासोबत जायची. ती नावं कोणी वाचत नाही. फौजदार वाचायचा. आपलं नाव एकदा तिथे, खुद्द भाषेच्या अंगावर यावं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. पण ते मागून घ्यायचं नव्हतं. तिकडच्यांनी नाक मुठीत धरून यावं आणि म्हणावं, साहेब, चुकलो, आपलं नाव द्या, असं त्याला हवं होतं.

ते येईपर्यंत त्याने आपल्या सांगाड्याला एक ठिगळ लावलं. भाषा एक रेघ खाते ना, मग आपण तिला दोन वाढू. एक ती खाईल, एक उरेल. युक्ती साधी होती आणि चालली. तेवढ्यावर त्याने भाषणं दिली, तरुण मुलांना तासन्‌तास बसवून ठेवलं, आणि सांगाड्यातलं बाकी सगळं दुसऱ्यांनी बदलून टाकलं तरी त्या ठिगळाला हात लावू दिला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि याचं सगळं नाचणं त्या वाकडेपणावर बेतलेलं होतं.

ठिगळासोबत त्याने एक टेस्टही लिहून ठेवली होती. सांगाडा नीट चालतो की नाही हे तपासायला अशा हजारो टेस्ट असतात. मशीन त्या चालवतं, पास झाली की हिरवं, नापास झाली की लाल. ही टेस्ट भाषेला एकच रेघ द्यायची आणि उरते का ते बघायची. उरणार नाही हे ठाऊकच होतं, म्हणून तिच्यावर खूण केली होती: ही नापासच होणार, दोष भाषेचा. नापास झाली तर सगळं ठीक, हिरवं. आणि कधी चुकून पास झाली, तर मात्र मशीनने लाल दिवा लावून बोंब मारायची. खाली त्याने स्वतःच्या हाताने टीप घातली होती: ‘पास झाल्यास मला झोपेतून उठवावे.’ हा विनोद तो दर नवीन माणसाला नेऊन दाखवायचा आणि त्याच्या आधी स्वतः हसायचा.

घरी आई होती आणि धाकटा भाऊ. लग्न दोघांचंही झालेलं नव्हतं. थोरल्याचं का झालं नाही, हे त्याला एकदा भेटलेल्या कोणालाही विचारायची गरज नाही. धाकट्याला मात्र तोंड उघडायला घरात कधी जागाच मिळाली नव्हती, तर बाहेर कुठून सवय होणार. तोही याच भाषेत काम करायचा, शहराच्या पाणीखात्यात. सुरुवातीला भावाच्या सांगाड्याला हातभार लावायची त्याला हौस होती. त्याने मेहनतीने एक सुधारणा करून पाठवली. फौजदाराने ती इतके दिवस चौकशीत ठेवली, की शेवटी धाकट्याने स्वतःच मागे घेतली. त्या रात्री जेवताना थोरला म्हणाला होता, हे तुझ्याच्याने व्हायचं नाही, प्रत्येकाचा वकूब असतो. झालं, त्याच्यावरही एक खूण लागली. पुढे धाकट्याने काय केलं, कुठे केलं, हे थोरल्याने कधी विचारलं नाही.

जेवणं मात्र तिघांची एकत्र व्हायची. म्हणजे दोघं जेवायचे आणि एक बोलायचा. विषय वर्षानुवर्षं तोच. ती भाषा, ते अडाणी लोक, ती रेघ. आईला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती रेघ कोण खातं, का खातं आणि त्यावर तिच्या मुलाने काय तोड काढली, हे ती झोपेतही सांगू शकली असती. मध्ये कोणी काही बोलायला गेलं की फौजदार घास घेतलेला हात वर करायचा. पोलीस गाड्या थांबवतो तसा.

तर अशात भाषेच्या नव्या आवृत्तीची वेळ आली. आवृत्ती निघण्याआधी तिचा एक कच्चा नमुना सगळ्यांना देतात, म्हणजे ज्याने त्याने आपलं घर आवरून ठेवावं. मालकांनी नमुना आला त्याच सकाळी, कोणी तो उघडूनही पाहिला नव्हता, तेव्हाच सांगाड्याच्या पानावर हिरवी पट्टी लावून टाकली: ‘नव्या आवृत्तीसाठी सज्ज’. काम करायला फौजदार होताच. ठरलं असं होतं, की सांगाड्याची पुढची आवृत्ती फक्त नव्या भाषेवर चालेल, ज्यांना जुन्यावर राहायचंय त्यांनी जुना सांगाडा वापरावा. म्हणजे अडगळ काढायला याहून चांगला मुहूर्त नव्हता.

दुपारी कारभारणीने नमुन्यावर सगळ्या टेस्ट चालवल्या. पडदा लालेलाल झाला. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी दोन दोन रेघा आल्या होत्या आणि एकही पान सापडत नव्हतं. त्या लालीत एक जुनी टेस्ट वेगळीच बोंब मारत होती. कारभारणीने तिची टीप वाचली, पुन्हा वाचली, आणि तिसऱ्या खोलीत कपाटामागे गेली. पास झाली तर उठवा असं लेखी होतं. तिने उठवलं.

फौजदार डोळे चोळत पडद्यासमोर आला आणि लाल रंग बघून त्याचा चेहरा उजळला. बघा, तो म्हणाला, मी म्हटलं नव्हतं? या लोकांनी पुन्हा काहीतरी मोडलंय. माझी टेस्ट नापास केली.

“नापास नाही, पास झालीय,” कारभारीण म्हणाली.

“मग लाल का?”

“पास झाली म्हणून.”

हे समजायला कोणालाही जेवढा वेळ लागेल तेवढा त्यालाही लागला. भाषेने रेघ खाणं सोडलं होतं. कोणीतरी भोक बुजवलं होतं, आणि आता भोक नसलेल्या कापडावर त्याचं ठिगळ तेवढं उठून दिसत होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं गळा काढला, ती झाली होती. पण आनंद राहिला बाजूला, त्याला पहिला राग आला तो आपल्याला न विचारता दुरुस्ती केल्याचा. आणि त्याखाली भीती होती, खरी. ते ठिगळ गेलं तर या माणसाकडे दाखवायला दुसरं होतं काय?

तो दार लावून बसला. दोन दिवस त्याने कोणाला आत घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर आला तो पडलो तरी नाक वर अशा तोऱ्यात, आणि म्हणाला, झालं, सगळं हिरवं आहे. खरंच हिरवं होतं. मालकांनी त्याची पाठ थोपटली आणि माझी पट्टी आधीपासूनच बरोबर होती असं म्हणाले. कारभारीण तेवढ्यावर भागवणाऱ्यांतली नव्हती. तिने बसून काय बदललंय ते ओळीओळीने वाचलं, आणि वाचताना दोनदा चष्मा काढून पुसला.

ठिगळ जागच्या जागी होतं. फौजदाराने भाषेच्या आणि सांगाड्याच्या मध्ये एक नवीन तुकडा घुसवला होता. त्याचं काम एकच: पत्त्याच्या शेवटची एक रेघ खायची. भाषा खात नाही ना, मग आपण खाऊ. त्यामुळे ठिगळाने वाढलेल्या दोनातली एक पुन्हा नाहीशी होत होती, आणि ती प्रसिद्ध टेस्टही पूर्वीसारखी व्यवस्थित नापास होऊन हिरवी दिसत होती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, पण इथे तर म्हैस ठणठणीत बरी झाली होती आणि याने तिला पुन्हा आजारी पाडलं होतं, औषध वाया जाऊ नये म्हणून.

“म्हणजे आधी आपणच दोन वाढायच्या,” कारभारीण म्हणाली, “आणि मग आपणच त्यातली एक खायची?”

फौजदार म्हणाला, सुसंगती राखावी लागते. तिने विचारलं, कशाशी. त्यावर त्याने पूर्वीची माणसं, आजची घाई आणि पायाचं महत्त्व यांवर बराच वेळ भाषण केलं. ते संपल्यावर कारभारणीने शांतपणे सांगितलं, की हे मी बाहेर काढणार नाही. ठिगळ काढा, नाहीतर मी काढते आणि काढलं असं लिहिते. भाषेची आवृत्ती पुढच्या आठवड्यात निघतेय. एवढं बोलून ती आपल्या खोलीत गेली. मालक मध्ये पडले नाहीत. त्यांनी दोघांनाही तुमचं म्हणणं बरोबर आहे असं सांगितलं आणि खाली कपडे आणायला गेले.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्या बसल्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कारभारणीला अक्कल नाही, मालकाला कणा नाही, आणि तिकडे भाषेतल्या कोणा दीडशहाण्याने न सांगता न सवरता रेघ खाणं बंद केलं. कोण असेल तो हरामखोर, ही त्याची मुख्य तक्रार होती.

“ती रेघ ना?” आई म्हणाली. “अरे, ती धाकट्याने नीट केली.”

वर केलेला हात तसाच राहिला. फौजदाराने आईकडे पाहिलं, मग भावाकडे. धाकटा खाली बघून जेवत होता, आणि तो काही अगदी संतही नव्हता, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जरा मजा दिसत होती. हो म्हणाला तो. वर्ष झालं. रोज जेवताना तेच ऐकून वीट आला होता, म्हणून म्हटलं एकदाचं संपवावं. तिकडच्या लोकांना चार ओळी लिहिल्या. त्यांनी काही शंका विचारल्या, एकदा परत पाठवलं, मग घेतलं. चांगली माणसं आहेत.

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

“सांगितलं होतं. इथेच, जेवताना.”

“केव्हा?”

“दादा, तू तेव्हा बोलत होतास.”

फौजदार ताटावरून उठला. धाकटा खोटं बोलतोय, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं, आणि खोलीत जाऊन भाषेच्या नव्या नमुन्यासोबत आलेली नावं उघडली. दरवर्षी ती वाचणारा हा माणूस यंदा रागात ती वाचायलाच विसरला होता. नाव तिथे होतं. आडनावाशी तो जरासा थबकला, कारण आडनाव त्याचंही तेच होतं. इतकी वर्षं तिथे जे बघायचं म्हणून डोळे लावून बसला होता, त्यातला अर्धा भाग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने ठिगळ काढलं. कारभारणीने काढलं असं लोकांनी वाचावं, यापेक्षा ते बरं. आधी आपला नवा खादाड तुकडा काढला, मग ठिगळ, मग टेस्टवरची खूण आणि शेवटी ती झोपेची टीप. सगळं मिळून एका पडद्यातही मावेल एवढंच होतं. इतकी भाषणं एवढ्याशा ओळींवर दिली होती, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं असावं. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. त्याचीही, आता सरळ मार्गाने. कारभारणीने आत डोकावून, झालं का, असं विचारलं, आणि त्याने नुसती मान हलवली. त्या दुपारी कपाटामागून आवाज आला नाही. पट्टी मात्र खरी ठरली. मालकांनी ती थोडी मोठी करून घेतली.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले आणि घरात भांड्यांचे आवाज ऐकू येऊ लागले, जे एरवी कधी ऐकू येत नसत. फौजदाराकडे बोलायला काही नव्हतं. तक्रार होती ती भावाने दुरुस्त करून टाकली होती, आणि तक्रार सोडून बोलायची त्याला सवय नव्हती. आईने दोनदा त्याच्याकडे पाहिलं, बरं नाही का म्हणून विचारलं. तो पाणी प्यायला. मग, ज्याने आयुष्यभर इतरांची उलटतपासणी घेतली त्याने बहुधा पहिल्यांदाच उत्तर ऐकण्यासाठी प्रश्न विचारला.

“तू त्या दिवशी नक्की काय म्हणाला होतास?”

धाकट्याने आधी थोडी वाट पाहिली. हात वर येतोय का ते बघत असावा. आला नाही.

“म्हणालो, रेघेची दुरुस्ती तयार आहे, उद्या पाठवतोय. पण चूक तू शोधलीस, मी फक्त बुजवलीय. तर तुझं नाव आधी आणि माझं नंतर असं पाठवू का? त्यांना चालतं, मी विचारून घेतलं होतं.”

“मग?” फौजदाराने विचारलं.

“दोनदा विचारलं. तू म्हणालास, मध्ये मध्ये बोलू नकोस.”

आईने मान हलवली. तिलाही ते आठवत होतं.